मंडळींच्या नजरेस पडू नये

१

लग्नाची नोटीस चोरीला गेल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? नोटीसबाईंनी नव्हतं ऐकलं, आणि विवाह नोंदणी कार्यालयातल्या त्या एकाच टेबलावर त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तिथून छत्र्या गेल्या, खुर्चीवरची उशी गेली, एकदा तर भिंतीवरचं चालू घड्याळ गेलं. पण नोटीस? ती नेऊन कुणाचं काय भलं होणार?

तरी गुरुवारी सकाळी साडेदहाला शिपाईमामा धापा टाकत आत आले. "बाई, जरा बाहेर या. अठ्ठाविसावी गेली!"

अठ्ठाविसावी म्हणजे जिचा अठ्ठाविसावा दिवस चालू होता ती. या कार्यालयाची रीत साधी होती. लग्न करायचं असेल त्यांनी नोटीस द्यायची. ती तीस दिवस व्हरांड्यातल्या फळ्यावर लागायची. कुणाला हरकत असेल तर त्याने ती लिहून हरकतपेटीत टाकायची. तीस दिवस सुखरूप गेले की लग्न. टाचण्या लोक पळवतात म्हणून मामा नोटिसा खळीने चिकटवत, आणि अशा चिकटवत की मुदत संपल्यावर खरवडून काढताना स्वतःलाच शिव्या घालत.

फळ्यावर सहा नोटिसा होत्या आणि मधोमध एक रिकामा चौकोन. बाईंनी हात लावून पाहिला. लाकूड ओलसर होतं. कागदाचा एक कपटासुद्धा मागे राहिला नव्हता.

"आठ वाजता मी झाडून घेतलं, तेव्हा होती. या डोळ्यांनी पाहिलीय," मामा म्हणाले.

कुणाची नोटीस ते बाईंच्या लक्षात आलं. नवरदेव अडुसष्ट वर्षांचा, नवरी सत्तावन्न. तो पुस्तकं बांधणारा विधुर. सगळं गाव त्याला बाइंडरकाका म्हणे. ती वाचनालयातली ग्रंथपाल, बिनलग्नाची, भावाच्या संसारात राबलेली. वीस वर्षं ती फाटकी पुस्तकं घेऊन त्याच्या दुकानाची पायरी चढत होती. बाई स्वतः विधवा. या दोघांची नोटीस दाखल करून घेताना त्यांनी खाली वाकून पेन शोधल्यासारखं केलं होतं आणि डोळे पुसले होते.

ग्रंथपालताई रोज कामावर जाताना फळ्यापाशी थांबून आपली नोटीस वाचत. आजही आल्या. रिकामा चौकोन बघून त्या आधी चुकल्यासारख्या हसल्या, दुसऱ्या नोटिसा वाचू लागल्या, आणि मग त्यांचं हसू मावळलं.

"मामा, पेटी उघडा," बाई म्हणाल्या.

पेटीत घडी घातलेला एकच कागद होता. बाईंनी तो सगळ्यांसमोर उलगडला. सही नव्हती. अक्षर मोत्यासारखं, पण विरामचिन्हाचा पत्ता नाही:

कृपा करून ही नोटीस काढावी मंडळी दर गुरुवारी या रस्त्याने जातात मंडळींच्या नजरेस पडू नये मनाला फार लावून घेतात

बाईंनी कागद पुढे केला. ग्रंथपालताईंनी तो वाचला मात्र, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मामांनी धावत जाऊन स्टूल आणलं.

२

निबंधकसाहेबांनी नियमाचं पुस्तक काढलं. "नोटिशीत खंड पडला की पुन्हा पहिला दिवस. मात्र कुणा तिऱ्हाइताने खोडसाळपणा केला असं तुम्ही चौकशी करून लेखी दिलंत, तर झालेले दिवस धरता येतील. आणि दोघांपैकीच कुणी काढली असेल, तर नोटीस मागे घेतली असं समजायचं. शनिवारी बारापर्यंत मला अहवाल द्या."

"पुन्हा तीस दिवस नाही हो थांबता येणार," ग्रंथपालताई कशाबशा म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन चाललाय. लांब, त्याच्या शहरात. तिथल्या वृद्धाश्रमात जागा घेतलीय त्याने. त्याआधी लग्न झालं तर माझ्या शब्दाला किंमत. नाही झालं तर मी कोण त्यांची? पुस्तकं आणून देणारी बाई."

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "चोर सापडेल. माझ्यावर सोडा."

आणि खरं सांगायचं तर चोर बाईंना सापडल्यासारखाच होता. मंडळी. गुरुवारी. कार्यालयाच्या समोरच्या सभागृहात दर गुरुवारी निवृत्त शिक्षकांची बैठक भरत असे आणि त्या बैठकीचे चिटणीस होते ग्रंथपालताईंचे थोरले बंधू, माजी हेडमास्तर. सत्तावन्नाव्या वर्षी बहीण बोहल्यावर चढतेय म्हटल्यावर बैठकीतली मंडळी टाळ्या देऊन हसणार, आणि लग्न झाल्यावर मास्तरांना सकाळचा चहा स्वतः करून घ्यावा लागणार. आणखी पुरावा कशाला हवा?

बैठक संपल्यावर बाईंनी मास्तरांना गाठलं.

"मला लग्न पसंत नाही," मास्तर म्हणाले. "लपवत नाही मी ते. या वयात लोकांना हसायला निमित्त कशाला द्यायचं? तिला तोंडावर सांगितलंय."

"तोंडावर ऐकलं नाही म्हणून कागदावर सांगितलंत?"

मास्तरांनी चिठ्ठी मागून घेतली, चष्मा चढवला आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी उत्तरपत्रिकेवर शाई सांडली. "अहो, चार वाक्यं आणि एक पूर्णविराम नाही! मी लिहिलंय हे? छत्तीस वर्षं पोरांचे कान पिळले मी याच्यासाठी."

बाईंना हसू आलं. पण त्यांचं लक्ष पूर्णविरामाकडे नव्हतं. चिठ्ठी धरलेला मास्तरांचा हात लटलट कापत होता, कागद नुसता फडफडत होता. या हाताने हे अक्षर उमटणं शक्य नव्हतं, आणि मामांच्या खळीतून अख्खी नोटीस सोडवणं तर त्याहून नव्हतं.

"कधीपासून?" बाईंनी हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली. ती कप अर्धाच भरते माझा, सांडू नये म्हणून." मास्तर दुसरीकडे बघू लागले. "ती गेल्यावर कोण भरणार आहे अर्धा कप?"

ते काठी टेकत दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "आणि एक सांगतो. बैठकीतली मंडळी या रस्त्याने येतच नाहीत. सभागृहाचं दार मागच्या गल्लीत आहे."

३

राहिला मुलगा.

तो त्या दिवशी दुपारी येऊन पोचला होता आणि बापाच्या घरात कपाटं रिकामी करत बसला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, थकलेला माणूस. बाईंनी काही विचारायच्या आतच त्याने टेबलावरून एक लिफाफा उचलून त्यांच्या हातात दिला.

"माझी हरकत. उद्या आणून देणार होतो. सहीनिशी."

"आणि बिनसहीची आज सकाळीच कुणाकडून तरी टाकून घेतलीत?"

"बाई, मला चोरून काही करायची गरज काय? मी मुलगा आहे त्यांचा. सकाळपासून मी गाडीत होतो, हे तिकीट बघा. इथे माझा कुणी मित्रही उरलेला नाही." तो खुर्चीत बसला. "बाबांना हल्ली कळत नाही हो. फोनवर तीच गोष्ट चारदा सांगतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. आणि या वेळी एक बाई त्यांची सही घेते लग्नाच्या कागदावर. मी काय समजायचं?"

बाईंच्या कपाळाची शीर उठली. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षांत किमान शंभर मुलांच्या तोंडून ऐकलं होतं. म्हातारा बाप लग्न करतो म्हणाला की पोरांना तो एका रात्रीत वेडा वाटायला लागतो. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत घराच्या कागदांवर त्याची सही चालत असते, तो भाग वेगळा.

"ते माझ्यासमोर बसले होते, सही करताना," त्या ताडकन म्हणाल्या. "नोटिशीत 'विधुर'चा धु मी दीर्घ लिहिला होता. तो त्यांनी दाखवून दिला मला. कळत नाही म्हणे!"

मुलगा भांडला नाही. नुसता म्हणाला, "एकदा दुकानात जाऊन या. अर्धा तास बसा. पाच मिनिटांत उठू नका."

४

शुक्रवारी संध्याकाळी बाई बाइंडरकाकांच्या दुकानात गेल्या. खळीचा आणि चामड्याचा वास, भिंतीला टेकलेले पुठ्ठे, कोपऱ्यात लोखंडी शिकंजा. काका एका जुन्या शब्दकोशाचा कणा शिवत होते. सुई कागदातून अशी जात होती की बघत राहावं.

"या, या! बसा," ते उठून म्हणाले. "कोश आणलात का?"

"मी नोटीसबाई. कार्यालयातून आले."

"हो तर! ओळखलं की." पण ओळखल्याची खूण चेहऱ्यावर उमटायला एक क्षण जास्त लागला. आतल्या खोलीतून ग्रंथपालताईंनी आवाज दिला, "चहा टाकलाय हो!"

भिंतीवर, खणांवर, दारावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. दोरा. कात्री. किल्ली खिशात आहे. विजेची शेगडी बंद करणे. कारागीर माणूस नीटनेटका असणारच, असं बाईंनी मनाशी म्हटलं. एवढंच की या चिठ्ठ्यांचं अक्षर वाचनालयातल्या पाट्यांवरचं, ताईंचं होतं.

"काका, चिकटलेला कागद न फाडता काढता येतो का हो?"

काकांचे डोळे चमकले. "सगळे ओढतात, तिथेच चुकतं. आधी ओलं फडकं धरायचं, मग थांबायचं. कागदाला घाई करायची नाही, तो आपणहून सुटतो. मग सळावर घेऊन अलगद उचलायचा." त्यांनी हाडाचा चपटा सळ दाखवला. "आणि चुरगाळायचा तर नाहीच कधी. कागद शिकंज्यात घालून दाबून वाळवायचा. कुणाचा का असेना."

बाईंची नजर शिकंज्याकडे गेली. त्याच्या दोन फळ्यांमधून पांढऱ्या कागदाची कड दिसत होती, आणि कडेवर कार्यालयाचा निळा शिक्का.

त्या बसल्या जागेवरून उठल्या. काढली ती यांनीच! लग्न नको होतं तर बोलायचं होतं. त्या बिचारीला तीस दिवस झुलवत कशाला ठेवलं?

काका मात्र निवांत होते. "बसा ना, अशा उठताय काय? मंडळी आली की सगळेच चहा घेऊ."

आत कपबशांचा आवाज थांबला. ताई तर आतच होत्या. मग कोण मंडळी? गिऱ्हाइकं असतील, म्हणून बाईंनी ते सोडून दिलं आणि काहीतरी निमित्त सांगून निघाल्या. रस्ताभर त्यांना काकांचा भयंकर राग येत होता.

५

शनिवारी दहा वाजता बाई अहवाल लिहायला बसल्या. कोरा कागद, उघडं पेन. चोर सापडला होता आणि तो सापडायला नको होता. नवरदेवानेच काढली असं लिहिलं की नोटीस मागे घेतल्यासारखी. सगळं संपलं. 'अज्ञात इसमाने' असं लिहिलं तर सोमवारी लग्न. पण ज्याला नकोय त्याच्याशी? आणि नकोय तर सरळ येऊन नाही म्हणायला त्याला कुणी अडवलं होतं? ही मंडळी तरी कोण, ज्यांच्या भीतीने माणसाने आपल्याच लग्नाची नोटीस चोरावी?

नाइलाजाने त्यांनी चिठ्ठी पुन्हा काढली आणि यावेळी मोठ्याने वाचली. "मंडळी दर गुरुवारी या रस्त्याने जातात. मंडळींच्या नजरेस पडू नये. मनाला फार लावून घेतात."

खिडकीशी नोटिसांची खळ ढवळत असलेले मामा म्हणाले, "फार हळवी दिसते बिचाऱ्याची बायको."

बाईंनी मान वर केली. "कुणाची बायको?"

"ज्याने लिहिलंय त्याची. मंडळी म्हणतोय ना तो."

"मंडळी म्हणजे माणसं हो, मामा. चारचौघं."

"तुमच्यात असतील चारचौघं. आमचे वडील आईला जन्मात कधी नावाने बोलले नाहीत. मंडळी माहेरी गेलीत, मंडळींना बरं नाही. जुन्या माणसांत बायकोला तसंच म्हणायचे. 'माझी बायको' म्हणायला लाज वाटायची त्यांना." मामांनी पळी झटकली. "तुम्ही दोन दिवस मनातल्या मनात वाचत बसलात, म्हणून. मला एकदा वाचून दाखवलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं."

बाई उठून उभ्या राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मंडळी आली की चहा घेऊ. भिंतीवरच्या चिठ्ठ्या. ओळख पटायला लागलेला तो जास्तीचा क्षण. आणि मुलगा, ज्याच्यावर त्या फणकारल्या होत्या, त्याचं प्रत्येक अक्षर खरं होतं.

बाइंडरकाकांनी लग्नाला नकार दिला नव्हता. गुरुवारी सकाळी या रस्त्याने जाताना त्यांनी फळ्यावर आपलं नाव एका परक्या बाईच्या नावाशेजारी वाचलं होतं, आणि बायकोच्या काळजात घाव बसू नये म्हणून ते धावपळ करत फडकं भिजवून आले होते. जी बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, तिच्या.

दारात ग्रंथपालताई उभ्या होत्या. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद, दुसऱ्या हाताने काकांचा दंड धरलेला. मागे मुलगा होता.

६

काकांना मुलाबरोबर बाकावर बसवून ताई टेबलापाशी आल्या. त्यांनी नोटीस पुढे ठेवली. तिला एक सुरकुती नव्हती.

"तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं," बाई म्हणाल्या.

"अक्षर ओळखलं ना. आणि गुरुवार. त्यांच्या पत्नी दर गुरुवारी पुस्तक बदलायला यायच्या, याच रस्त्याने. मीच शिक्का मारून द्यायचे. एकदा कुणीतरी आतलं पान फाडलेलं होतं, तर त्या रडल्या होत्या. इतकं मनाला लावून घ्यायच्या." ताईंनी ओठ चावला. "वर्षभर चाललंय हे. पण दिवसदिवस अगदी लख्ख असतात हो ते. मागणी त्यांनी घातली. म्हणाले, मी विसरत चाललोय, माझ्यावर लक्ष ठेवायला तू हवीस, परकं कुणी नको. नोटीस दिली त्या दिवशीही लख्ख होते."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा त्या नियमाबाहेरचं बोलत होत्या आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. "हे बघा, मी अहवालात तिऱ्हाईत लिहिते. अज्ञात इसम. साहेब सही करतील. सोमवारी त्यांचा दिवस चांगला असला तर..."

ताई त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना ते किती हवंय, हे बाईंना दिसत होतं.

तेवढ्यात काका बाकावरून उठून टेबलापाशी आले. त्यांना ती नोटीस दिसली आणि चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ते बाईंकडे वाकून कुजबुजले, "साहेबीणबाई, ती मी काढली. दंड करा हवा तर. पण पुन्हा लावू नका हो. कुणीतरी चेष्टा केलीय माझी. तीस वर्षांचा संसार आहे, एका शब्दाने कधी फसवलं नाही मी तिला. तिने हे वाचलं तर काय वाटेल तिला?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हात जोडलेले होते.

मुलगा पुढे होऊन म्हणाला, "बाबा, चला," आणि त्याने त्यांचे जोडलेले हात खाली घेतले.

"नाही लावणार," ग्रंथपालताई म्हणाल्या. "काका, तुम्ही बसा. आता कुणीच लावणार नाही."

काका लहान मुलासारखे विश्वासाने जाऊन बसले.

"ताई, विचार करा," बाई म्हणाल्या.

"केला. सोमवारी मी शेजारी उभी राहीन, आणि दिवस वाईट असला तर ते मनात म्हणतील, आपण बायकोला फसवतोय. नंतरही रोज सकाळी घरात मला बघून तेच म्हणतील. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं हो. माझ्या सोबतीसाठी त्यांना चोर कसं करू मी?" त्यांनी डोळे पुसले नाहीत. "नोटीस मागे घेण्याचा अर्ज द्या. शुक्रवारपर्यंत दुकानात जाईन मी, पुस्तकं घेऊन. तेवढं चालेल ना?"

शेवटचं त्यांनी मुलाला विचारलं होतं. त्याने होकारार्थी मान हलवली. 

बाईंनी खणातून अर्ज काढला. मागे घेण्याच्या अर्जावर एकाची सही पुरते. इतक्या वर्षांत त्यांनी तो मोजून चार-पाच वेळा दिला असेल. त्यांनी खूण करून जागा दाखवली आणि पेन पुढे केलं.

बाकावरून काका हे सगळं बघत होते. आता ते सावरले होते. टेबलावरची 'विवाह नोंदणी' ही पाटी त्यांनी वाचली, सहीसाठी वाकलेल्या ताईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीच्या माणसाचं बरं झालेलं बघून येतो तसा आनंद आला.

"अरे वा, ग्रंथपालबाई! लग्न ठरलं वाटतं तुमचं?"

ताईंचा हात थांबला. मग त्या वळून हसल्या. "हो, काका."

"छान, छान. फार एकट्या होतात तुम्ही. मी म्हणायचो ना घरी." ते थोडे पुढे झुकले, काळजीने. "माणूस चांगला आहे ना?"

"फार चांगला आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.